भाजीच्या कारखान्याचा गोबरगॅस: आंबण्याची घाई आणि गॅसचा धीर

टोमॅटोची पेस्ट असो, मटारचे डबे असोत, लोणच्याची काकडी असो की रताळ्याचे वेफर्स, कारखान्याच्या दारात आलेल्या भाजीतला बराच भाग डब्यापर्यंत पोचतच नाही. साली, देठ, बिया, डागी नग आणि गाळ मागे उरतो. त्यात भर पाण्याची. भाजी धुवायला पाणी, उकळत्या पाण्यातून काढायला पाणी, साल सोडवायला पाणी, संध्याकाळी जमीन आणि यंत्रं धुवायला पुन्हा पाणी. हे पाणी दिसायला नुसतं गढूळ असतं, पण त्यात भाजीतली साखर, स्टार्च आणि आंबटपणा विरघळलेला असतो.

हे पाणी ओढ्याला सोडलं तर काय होतं? त्यात विष नसतं, खाण्याचीच वस्तू असते, आणि अपाय नेमका त्यातूनच होतो. ओढ्यातले जीवाणू त्या साखरेवर तुटून पडतात आणि ती पचवताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. साधारण २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. सांडपाणी पूर्ण पचायला किती प्राणवायू लागेल ते प्रयोगशाळेत मोजतात, त्याला सीओडी म्हणतात. भाजी कारखान्याच्या पाण्याचा सीओडी लिटरला ३,००० मिलिग्रॅम असणं काही विशेष नाही. म्हणजे असं एक लिटर पाणी ओढ्याच्या सुमारे ३७५ लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकतं. मग मासे जातात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या काठी ज्यांचं शिवार आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या नाल्यात मुख्यतः शहराचं सांडपाणी वाहतं, कारखान्याचं नव्हे, पण काळ्या पाण्याचं भातशेतीत काय होतं ते शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आपल्या सीमाभागात भाजीवरचे उद्योग वाढावेत असं मला मनापासून वाटतं. पश्चिमेकडच्या उचगाव, बेक्किनकेरे, तुरमुरी पट्ट्यात रताळी आणि बटाटा आहे, कडोली भागात भाजीपाला आहे, आणि हा माल कच्चाच बाहेर जातो. दर पडला की शेतकरीही पडतो. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं गेलं, त्यामुळे नव्या पोरांच्या डोक्यात हा विचार घोळतोय. पण यंत्रांच्या कोटेशनबरोबर घाण पाण्याचा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा. त्यावरचा एक चांगला उपाय म्हणजे हवाबंद पचन, म्हणजेच आपल्या ओळखीचा गोबरगॅस, फक्त शेणाऐवजी भाजीवर चालणारा.

हवा देऊन आणि हवा न देता

सांडपाणी शुद्ध करायची नेहमीची पद्धत म्हणजे टाकीत ब्लोअरने हवा सोडायची. हवेवर जगणारे जीवाणू घाण खातात, पाणी साफ होतं. पद्धत भरवशाची आहे, पण वीज खाते. ढोबळ हिशेबाने एक किलो सीओडी काढायला एक युनिटच्या आसपास वीज. शिवाय खाल्लेल्या अन्नातला जवळजवळ निम्मा भाग जीवाणू स्वतःची संख्या वाढवायला वापरतात, त्यामुळे रोजचा चिखलासारखा गाळ उरतो आणि त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते.

हवाबंद टाकीत उलटं घडतं. प्राणवायू नसल्यामुळे तिथल्या जीवांना अन्नातली ताकद पूर्ण काढून घेता येत नाही. ती ताकद मिथेन वायूत शिल्लक राहते आणि तो वायू आपण जाळू शकतो. जीवाणूंच्या वाढीत जेमतेम ५ ते १० टक्के अन्न जातं, म्हणून गाळही थोडाच. ब्लोअर नाही. एक किलो सीओडी पचला की ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. हा आकडा रसायनशास्त्राने बांधून दिलेला आहे, यापेक्षा जास्त देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवावं.

हे तंत्र परदेशातून काल आलेलं नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यातून निघालेला गॅस दिवाबत्तीला वापरत होते. खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणाचा गोबरगॅस खेडोपाडी नेला. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्टार्च आणि साखर असलेल्या खरकट्यावर चालणारा छोटा संच बनवला, त्याला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या म्हणण्यातला गाभा असा, की शेण हे गाईच्या पोटात एकदा पचून बाहेर पडलेलं अन्न आहे, त्यातला मऊ भाग गाईने आधीच वापरलाय. न पचलेला स्टार्च थेट टाकीत दिला तर गॅस जास्त आणि लवकर मिळतो. रताळ्याच्या चोथ्याला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. आणि आपल्या चिकोडी, रायबाग, अथणी भागात साखर कारखान्यांचा पट्टा आहे. ज्या कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली असते तिथे मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं तपकिरी पाणी याच पद्धतीने पचवण्याचा प्रघात जुना आहे. म्हणजे हे काम ओळखणारे ऑपरेटर शोधायला लांब जायला नको.

टाकी आंबते तेव्हा

तरीही भाजीचे संच बंद पडतात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने. ते नीट समजून घ्यावं.

टाकीत काम टप्प्याटप्प्याने चालतं. आधी काही जीवाणू स्टार्च, पेक्टिन, तंतू असल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करून साखरेसारखे छोटे रेणू बनवतात. दुसरे त्या साखरेची आम्लं बनवतात. तिसरे त्या आम्लांचं व्हिनेगरमध्ये असतं ते अ‍ॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतात. शेवटचे, मिथेन करणारे सूक्ष्मजीव, त्यातून गॅस बनवतात. हे शेवटचे जीव फार जुन्या कुळातले. गाईच्या पहिल्या पोटातही तेच राहतात, म्हणून शेणात मिळतात.

आम्ल करणारे चपळ आहेत, अन्न मिळालं की काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला काही दिवस लागतात, शिवाय त्यांना ६.८ ते ७.४ च्या आसपासचाच पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितका आंबटपणा जास्त) मानवतो. पळणारा आणि संथ असे दोन बैल एका जुवाला जुंपले की नांगरट संथ बैलाच्या चालीनेच करावी लागते. शेण टाकलं तर प्रश्न येत नाही, कारण त्यातले तंतू सावकाश फुटतात आणि दोघांचा वेग आपोआप जुळतो. भाजीचं तसं नाही. टोमॅटोचा गर, उकडलेल्या मटाराचं पाणी, रताळ्याचा चोथा झटकन फुटतात. आम्लं भराभर तयार होतात, मिथेन करणाऱ्यांना ती तेवढ्या वेगाने खाता येत नाहीत, पीएच उतरतो, उतरलेल्या पीएचमध्ये ते आणखी मंदावतात, मग आम्ल आणखी साठतं. चार-सहा दिवसांत टाकी आंबते. गॅस निघतो पण पेटत नाही, कारण त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो.

अशा वेळी ऑपरेटर हमखास जो उपाय करतो तो म्हणजे 'गॅस कमी आला, अजून माल टाका'. यानेच टाकी मरते. माल ताबडतोब थांबवायचा. खाण्याचा सोडा थोडा थोडा देऊन पीएच वर आणायचा आणि साठलेली आम्लं खाऊन संपेपर्यंत वाट बघायची. गरज पडली तर ताजं शेण किंवा दुसऱ्या चालू संचातली स्लरी, म्हणजे पचलेला काला, घालायची.

पीएच मीटरवर मात्र विसंबू नये. टाकीत नैसर्गिक अल्कली (आम्लाचा जोर मारणारे क्षार) असते, ती आम्लं शोषून घेते आणि पीएच बराच काळ जागेवर दिसतो. तो हलतो तेव्हा अर्धं नुकसान झालेलं असतं. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा आम्ल आणि अल्कली यांचं गुणोत्तर मोजावं. ते ०.३ च्या आत असलं तर टाकी खुशाल, ०.४ च्या पुढे जायला लागलं तर माल कमी करायची वेळ आली. साध्या टायट्रेशनने, म्हणजे थेंब थेंब आम्ल घालून मोजायच्या चाचणीने, हे मोजता येतं, बी.एस्सी. झालेली गावातली पोर अर्ध्या तासात करू शकते. मला वाटतं या एका चाचणीवर केलेला खर्च टाकीच्या निम्म्या किमतीइतका उपयोगी आहे.

मोठ्या कारखान्यात यावर आणखी एक उपाय करतात: दोन टाक्या. पहिलीत मुद्दाम आंबवायचं, दुसरीत त्या आम्लाचा रतीब मापाने देऊन गॅस करायचा. चपळ जीवांना त्यांचं घर, संथांना त्यांचं. लहान उद्योगाला मी एकच टाकी आणि त्यात रोज थोडं शेण हा मार्ग सांगेन. शेणातून अल्कली मिळते, नवे जीव मिळतात आणि भाजीत कमी पडणारे लोह, निकेल, कोबाल्ट यांचे अंश मिळतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी फळ-भाजी प्रक्रियेच्या उरलेल्या मालावर पचनाचे प्रयोग करून १९९२ साली ते प्रसिद्ध केले आहेत. आपल्याच राज्यातली ती संस्था आहे, तिचं मार्गदर्शन घ्यायला संकोच करू नये.

टाकीच्या आधीचं काम

माझ्या मते खरी हुशारी टाकीत नसून टाकीआधीच्या गटारात आहे. कारखान्यातून तीन प्रकारची घाण निघते आणि बहुतेक ठिकाणी ती एकाच गटारात सोडतात. तीन गटारं केली तर निम्मं काम झालं.

पहिली म्हणजे घट्ट घाण, साली आणि चोथा. ती बारीक करून पचनटाकीत जाते. बटाटा-रताळ्याची माती मात्र आधी झाडून, धुऊन काढली पाहिजे, नाहीतर तळाला वाळूचा थर बसून दोन वर्षांत टाकीची जागा खातो. दुसरी म्हणजे पातळ, गोडसर धुण्याचं पाणी. ते साध्या गोबरगॅसमध्ये घातलं तर टाकी उगाच अवाढव्य लागते आणि पाण्याबरोबर जीवही वाहून जातात. त्यासाठी खालून वर पाणी चढवायची टाकी असते, तिला यूएएसबी म्हणतात. नेदरलँड्समधले गात्से लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली. तिच्यात सूक्ष्मजीवांचे रव्यासारखे दाणे तयार होतात, दाणे जड असल्याने खाली राहतात आणि पाणी तेवढं पचून वर निघून जातं. भाजी कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो, आणि हे दाणे महिनोन्‌महिने उपाशी राहूनही हंगाम आला की पुन्हा कामाला लागतात, ही फार मोलाची गोष्ट आहे.

तिसरी घाण खारट. लोणच्याच्या खारवलेल्या पाण्यात १० ते १५ टक्के मीठ असतं. पचनटाकीत लिटरला ८ ग्रॅम सोडियम झालं की मिथेन करणारे जवळपास थांबतात. ८ ग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे २० ग्रॅम मीठ. खारं पाणी त्याच्या पाचपट तरी खारट. म्हणून ते पचनटाकीत जाताच कामा नये. बरं, सोडियम पचत नाही, उडत नाही, जितकं आत गेलं तितकं स्लरीतून बाहेर येतं. सौंदत्ती, अथणीकडच्या काळ्या जमिनीत ते गेलं तर मातीचे कण सुटे होतात, जमीन चिकट होऊन पाणी मुरायचं थांबतं. निपाणीच्या तंबाखूला तर मिठातला क्लोराइडही चालत नाही, पान नीट जळत नाही. खारं पाणी पुन्हा पुन्हा वापरावं आणि शेवटी उरेल ते प्लास्टिक अंथरलेल्या उथळ हौदात उन्हाने आटवावं. कॉस्टिक सोड्याने साल काढत असाल तर त्या पाण्यालाही हाच नियम. जमलं तर वाफेने साल काढायचं यंत्र घ्यावं, महाग आहे पण सोडियमची कटकट मुळातच संपते.

टिकवण्यासाठी सल्फाइटचं मिश्रण वापरलं असेल तर तेही लक्षात ठेवा. टाकीत त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो.

किती गॅस, किती मोठी टाकी

नमुन्याचा हिशेब करू. समजा हंगामात रोज ५ टन साली-चोथा निघतो. भाजीत ९० टक्के पाणी धरलं तर ५०० किलो सुकं, त्यातलं पचण्याजोगं सुमारे ४५० किलो. टाकीच्या दर घनमीटरला रोज २ किलो एवढाच भार धरावा, म्हणजे २२५ घनमीटरची टाकी. माल तिथे सरासरी ४५ दिवस राहील. गॅस दिवसाला २५० घनमीटरच्या आसपास, म्हणजे धंद्याच्या १९ किलोच्या सहा सिलिंडरांच्या जवळपास. बॉयलरमध्ये लाकूड जाळत असाल तर साडेतीनशे किलो सुक्या लाकडाएवढी उष्णता.

आता पाणी. रोज १०० घनमीटर, सीओडी ३,०००, म्हणजे ३०० किलो. यूएएसबीत ८० टक्के पचला तर ८४ घनमीटर मिथेन. हेच २४० किलो ब्लोअरने काढायचे असते तर रोज सव्वादोनशे-अडीचशे युनिट वीज गेली असती. माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा खरा नफा गॅसपेक्षा या न जळलेल्या विजेत आहे. विक्रेते मात्र गॅसच दाखवतात.

तापमानाचा हिशेब आपल्याकडे तालुक्यागणिक बदलतो. या जीवांना ३५ ते ३७ अंश आवडतात. २० च्या खाली ते फार मंदावतात. अथणीत उन्हाळाभर बाहेरून ऊब द्यायची गरज पडणार नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, खानापूर तर घाटाच्या पावसात. तिथे पावसाळ्यात आणि थंडीच्या रात्री उघड्यावरची टाकी गारठते. कारखान्यात भाजी उकळत्या पाण्यातून काढतात, ते गरम पाणी नळीने टाकीभोवती फिरवून मग पुढे सोडलं तर इंधन न जाळता ऊब मिळते. टाकी निम्मी जमिनीत, वरून भुशाचं किंवा थर्माकोलचं आवरण, हेही बांधतानाच करावं.

गॅस बॉयलरला किंवा इंजिनाला देण्याआधी त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो, नाहीतर लोखंड खाल्लं जातं. गंजलेल्या लोखंडाच्या चुऱ्यातून गॅस गाळला की हायड्रोजन सल्फाइड चुऱ्याला चिकटतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मशीनशॉप इतकी आहेत की असा चुरा शोधायला लागत नाही. त्यावरचं ऑइल धुऊन, पाण्याने भिजवून गंजवून घ्यावं. वापरलेला चुरा डब्यातून काढल्यावर हवा लागून आपोआप तापतो आणि पेटू शकतो, म्हणून तो ओला करून, उघड्यावर, गवतापासून लांब पसरावा. पचनटाकीत माणूस कधीही उतरवू नये, टाकी रिकामी दिसत असली तरी. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. अशा बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात, त्यातलं प्रत्येक मरण टाळता आलं असतं.

पचनानंतरचं पाणीही थेट ओढ्याला चालत नाही. नदी-नाल्यात सोडायला बीओडी (पाण्यातली घाण पचवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो, शेतीला द्यायला १०० च्या आत. हवाबंद पचन एकट्याने तिथवर पोचत नाही. शेवटी हवा देणारी छोटी टाकी लागतेच, पण मोठा भार आधीच उतरलेला असल्याने तिची वीज थोडी. नत्र मात्र जवळपास सगळं स्लरीत राहतं, तेही पिकाला पटकन लागू पडणाऱ्या अमोनियाच्या रूपात. उसाला, मक्याला पाण्याबरोबर द्यावी, उन्हात उघडी ठेवली तर नत्र उडून जातं.

टाकी सुरू करायला एप्रिल-मे चांगला. ऊब असते आणि रताळ्याच्या हंगामापर्यंत हातात पाच-सहा महिने असतात. आधी ताज्या शेणाचा काला भरायचा, डिस्टिलरीच्या चालू संचातला गाळ टँकरभर मिळाला तर उत्तमच. गॅस निळ्या ज्योतीने पेटायला लागला की भाजी सुरू करायची, ठरलेल्या भाराच्या दहाव्या हिश्श्याने. दर आठवड्याला थोडी वाढवायची, आम्ल-अल्कलीचं गुणोत्तर चढलं तर तो आठवडा वाढवायची नाही. हंगामाआधीच्या महिन्यांत कारखान्याचा माल नसतो, तेव्हा भाजी मार्केटमध्ये रोज टाकून दिला जाणारा कोबीचा पाला आणि डागी बटाटा आणून टाकीची सवय चालू ठेवता येते. पहिल्या हंगामात निम्म्या भारावरच थांबावं, उरलेल्या साली गुरांना आणि कंपोस्टला द्याव्यात. पुढच्या वर्षी तीच टाकी पूर्ण भार घेईल.